पावसाळे काढलेलं औषध

आई, पेणच्या एसटी स्टँडवर बसले आहे, पंख्याखालच्या बाकावर. सकाळी पनवेलला डॉक्टरांकडे गेले होते. परतीच्या गाडीने सरळ रोह्याला जायचं सोडून मी इथे, तुझ्या गावात, उतरले, समोरच्या दुकानातून एक वही घेतली आणि तुला लिहायला बसले. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगणारच आहे, पण आधी सगळं ऐक. तुझी सवय मला माहीत आहे. कुणी काही सांगायला लागलं की तू म्हणायचीस, "शेवटाला काय झालं ते आधी सांग, मग मी निवांत ऐकते." आज तुला ती सवलत नाही. थोडक्यात एवढंच समज, की मला हाडांच्या आत, मगजात होणारा कॅन्सर झाला होता. पाच वर्षं एका औषधाने तो दाबून धरला. या वर्षी शिमग्याच्या आधी ते औषध थांबवलं, आणि औषधाशिवाय तो गप्प बसला की पुन्हा उठला, हे आज कळायचं होतं. घाबरू नकोस. बाहेरचं खाऊ नका, हे पाच वर्षं ऐकून घेतलेल्या तुझ्या लेकीने आत्ताच एक वडापाव खाल्लाय आणि दुसऱ्याचा विचार चालू आहे.

औषध म्हटलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. आपल्या घरात ताप आला तर तीन दिवस गोळ्या, खोकला आला तर फार तर पाच दिवस बाटली, त्यापुढे बाटली खिडकीबाहेर. "पाच दिवसांवर औषध पोटात जाऊ देऊ नये गो, मग ते घरातच राह्याला येतं," हे तुझं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही गोळ्यांच्या पाकिटावर मला ते छापलेलं दिसतं. लहानपणी वाटायचं, तू उगाच भितेस. पुढे कळलं की त्यामागे शेजारची काकी होती. बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून ती गुडघ्यांसाठी पांढऱ्या पुड्या आणायची. पहिल्या महिन्यात ती तुरुतुरु चालत पाणी भरायला लागली आणि अख्ख्या आळीने त्या माणसाला देव केला. दोन वर्षांत तिचं तोंड ताटासारखं गोल झालं, हाताची कातडी पातळ झाली, आणि एक दिवस उंबऱ्यावर पाय घसरला तो मोडलाच. तू तिला रोज पेज नेऊन द्यायचीस आणि परत आलीस की पापडाचं पीठ असं कुटायचीस, की तो पुडीवालाच उखळात आहे असं वाटावं.

तुझं स्वयंपाकघर मला त्या कुटण्याच्या आवाजासकट आठवतं. पोह्यांच्या पिठाचा आणि हिंगाचा वास, भिंतीला लावलेले पत्र्याचे डबे, आळीतल्या बायका पोळपाट घेऊन ओळीने बसलेल्या, आणि अंगणात जुन्या साड्यांवर वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकलायला मी. लाटणाऱ्या बायका हसत असायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या, आणि तूही त्यात पुढे असायचीस. पण पापडखार बदलायची वेळ आली की तुझं तोंड एकदम परीक्षेच्या बाईंसारखं व्हायचं. दुकानदार सांगायचा, "मावशी, नवीन माल हाय, एक नंबर हाय." तू थोडा खार घ्यायचीस, त्याचे थोडेच पापड करायचीस, तळून सगळ्यांना वाटायचीस. सगळ्या म्हणायच्या झकास झालेत. तू मात्र त्यातले मूठभर पापड वेगळ्या डब्यात घालून माळ्यावर टाकायचीस. त्याला आम्ही पावसाळ्याचा डबा म्हणायचो. इथला पाऊस, त्यात खाडीची हवा, बरणीतलं मीठसुद्धा पाझरायला लागतं. दसऱ्याला तो डबा खाली उतरायचा. पापड निखाऱ्यावर भाजून तू उजेडात धरायचीस. लाल पडला असेल तर खार नापास. रंग राहिला, चव राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात तोच खार. दुकानदार वैतागायचा. म्हणायचा, मावशी, तोवर दुसरा माल येतो. तू म्हणायचीस, "आज चांगला लागतो ते मला पण कळतंय. पाऊस काढू दे त्याला, मग बोलू." डॉक्टरांशी बोलताना हे सगळं मला किती उपयोगी पडलं ते पुढे सांगते.

मला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा बायका कंडक्टर होतात हेच निम्म्या लोकांना पटत नव्हतं. तुला मात्र इतकं पटलं होतं की पहिला पगार व्हायच्या आधीच तू माझ्या गाडीत बसायला आलीस. पेण ते रोहा. तुझ्या अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पापडाची पिशवी, आणि जागा माझ्या सीटच्या अगदी पुढची. वडखळ यायच्या आत अर्ध्या गाडीला माहीत होतं की खाकीतली ती बाई तुझी लेक आहे, तिला चार वर्षांची मुलगी आहे आणि तिचा नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला जातो. मी पकडीने तिकीट टोचलं की तू शेजारणीला कोपराने ढोसायचीस. नागोठण्याला गाडी गच्च भरली. खांबला एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन चढायला लागली. मी घामाने आणि नवेपणाने चिडलेली. म्हटलं, टोपली टपावर टाका नायतर उतरा. ती बिचारी पायरीवरच टोपली सावरत राहिली. आणि माझ्या पहिल्यावहिल्या गाडीत, भर गर्दीत, तुझा आवाज आला, "खाकी घातलीस ती अंगात. तोंडात पण घातलीस काय गो?" अख्खी गाडी हसली, ड्रायव्हर आरशातून बघून हसला. तू ती टोपली मांडीवर घेतलीस आणि कोलाडपर्यंत त्या म्हातारीशी वालाच्या शेंगांवर बोलत बसलीस. त्या दिवशी मला तुझा राग आला होता. पण त्यानंतर गाडीत कुणावर आवाज चढायला लागला की मला आधी ती हसणारी गाडी ऐकू यायची आणि आवाज आपोआप उतरायचा.

त्याच महिन्यात तू मला उशी शिवून दिलीस. कंडक्टरच्या सीटचा पत्रा तुला बोचला होता, कारण रोह्याला उतरायच्या आधी तू त्यावर एकदा बसून पाहिलंस, मला सगळं आठवतंय. सावरीचा कापूस, तुझ्या हिरव्या लुगड्याचं कापड, कडेला जाड दोऱ्याचे टाके. दुसऱ्या वर्षी तू गेलीस, रात्री झोपलेली सकाळी उठलीच नाहीस, एकाही औषधाला हात न लावता. उशी माझ्याबरोबर फिरत राहिली. तिकिटांचा ट्रे गेला, मशिन आलं, गाड्या बदलल्या, ड्रायव्हर निवृत्त झाले. कापूस चपटा झाला की मी उशी उसवून पुन्हा भरायचे, तुझे टाके मात्र एका बाजूचे कधीच उसवले नाहीत.

आता आजाराची गोष्ट. यात जी चूक झाली ती जगात दुसरीकडे कुठे झाली नसती, ती आपल्याकडेच होऊ शकते. माझी पाठ दुखायला लागली. मी कंडक्टर, मुंबई-गोवा हायवेवर रोज चार फेऱ्या, आणि हायवे म्हणशील तर तू गेल्यापासून त्याचं काम चालूच आहे. पाठ कुणाची दुखत नव्हती? ड्रायव्हरची दुखायची, रोज कॉलेजला जाणाऱ्या पोरांची दुखायची, डेपो मॅनेजर पट्टा लावून बसायचे. मी म्हटलं पाठ दुखते, की समोरचा म्हणायचा, माझी पण. नाक्यावरच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि स्वतःच्या कमरेची कथा सांगितली. थकवा यायचा, तो रस्त्याचा. जेवण जाईना, तेही हादऱ्यांनी. तुझ्या जावयाने तर एकदा उशीकडे बघून म्हटलं, "कापसाच्या गाठी झाल्यात तिच्यात, त्यानंच दुखतंय." त्या दिवशी मी त्यांना रात्रीची भाकरी दिली नाही. वर्षभर आम्ही सगळ्यांनी मिळून त्या रस्त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याची चूक नव्हती.

मग एक दिवस खांबच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात दणकन उतरली. मी दांडी धरून उभी होते. छातीत कट् असा आवाज झाला, मला स्वतःला ऐकू आला. इथे पेणला आणलं. हाडांचे डॉक्टर अगदी तरुण, मुलीच्या वयाचे. फोटो बघून म्हणाले, बरगडी मोडलीय. मी सुरू केलं, अहो तो रस्ताच तसला. त्यांनी मला बोलू दिलं. मग विचारलं, "बाई, गाडीत किती माणसं होती?" मी म्हटलं, "उभी धरून साठेक." "त्यातल्या कितींच्या बरगड्या मोडल्या?" मी गाडी आठवून पाहिली. म्हटलं, "कुणाच्याच नाय." ते म्हणाले, "मग रस्त्याला आता सोडा. तुमच्या हाडांत काय चाललंय ते बघू." आई, त्या पोराचे मी किती उपकार मानू? रक्त तपासलं, त्यात नको ते प्रोटीन भरमसाट निघालं, रक्त कमी झालेलं, आणि हाडांना आतून भोकं. मगजातल्या पेशी बिघडून वाढल्या होत्या. नाव मोठं होतं, मल्टिपल मायलोमा. मी ते लिहून घेतलं आणि घरी येईपर्यंत घोकलं, गाड्यांच्या थांब्यांसारखं, म्हणजे रडायला सवड मिळू नये.

पनवेलच्या डॉक्टर बाई रक्ताच्या कॅन्सरच्या. त्यांनी सांगितलं, हा आजार मुळापासून जातोच असं नाही, पण दाबून ठेवता येतो आणि माणूस कामधंदा करत जगतो. बाकी औषधांबरोबर एक अँटीबॉडीचं इंजेक्शन सुरू केलं. अँटीबॉडी म्हणजे काय हे त्यांनी चित्र काढून समजावलं, आणि मी ते माझ्या भाषेत करून घेतलं. त्या बिघडलेल्या पेशींच्या अंगावर एक खूण असते. ही अँटीबॉडी म्हणजे चेकर. गर्दीत शिरायचं, खूण ओळखायची, दंडाला धरायचं, आणि शरीरातल्या पोलिसांना सांगायचं, हा बघा. डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, अगदी बरोबर, फक्त तुमचा चेकर जरा जास्तच कडक आहे, ती खूण थोडीफार चांगल्या पेशींवरही असते, त्यामुळे पासवालेही काही उतरवले जातात. त्या वेळी मी ते हसण्यावारी नेलं. पहिल्या दिवशी ते औषध सलाइनमधून दिवसभर चढवलं. मला अशी थंडी भरली की पलंग वाजत होता, आणि नाक चोंदलं. तुझे जावई कॉटशी उभे, माझे पाय दोन्ही हातांनी दाबून धरलेले. दुसऱ्या वेळेपासून काही झालं नाही. पुढे तेच औषध पोटाच्या कातडीखाली टोचायला लागले. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्यातून एकदा. काही मिनिटांचं काम.

खर्चाचं विचारू नकोस, ते विम्याने आणि तुझ्या जावयाने मिळून निभावलं. बाकी जे झालं ते तुला आवडेल असं होतं. पाठ थांबली. जेवण जायला लागलं. एसटीने मला हलकं काम दिलं, रोह्याच्या स्टँडवर चौकशीची खिडकी आणि माइक. आता पुलापलीकडच्या अष्टमी गावापर्यंत माझा आवाज जातो असं तुझी नात म्हणते. ती तिथेच दिलीय, तिची सासू गाडीची वेळ बघायला घड्याळ बघत नाही, माझ्या आवाजावर निघते. इंजेक्शनबरोबर पूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या असायच्या. व्हय, काकीच्या पुडीतल्याच जातीच्या, पण मोजून दिलेल्या आणि वेळेवर कमी केलेल्या. त्या दिवशी माझ्या अंगात असं वारं भरायचं की वरसे गावातल्या आमच्या घरातले सगळे डबे पहाटे घासून पालथे, पडदे धुतलेले, नवरा पांघरुणासकट बाहेरच्या खोलीत. हॉस्पिटलने एक कार्डही दिलं. या औषधाने रक्त जुळवायच्या तपासणीत गोंधळ होतो, म्हणून कधी रक्त चढवायची वेळ आली तर आधी हे दाखवा, असं त्यावर लिहिलेलं. ते कायम जवळ ठेवायचं. यांनी ते लॅमिनेट केलं, आणि आपल्याकडे महत्त्वाची वस्तू जिथे जाते तिथे, देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवलं. महिनाभर मी पर्स उलटीपालटी करत होते. सापडल्यावर म्हटलं, देवाला माझ्या रक्ताचं काय करायचंय? तर म्हणाले, "तिथं हरवत नाय ना."

पण आई, या सगळ्या काळात माझं तुझ्याशी भांडण चालू होतं. महिना उलटायचा, मी पोट उघडं करून बसायचे, आणि सुई जायच्या वेळी तुझं वाक्य यायचं. पाच दिवसांवर नाही. मी मनात म्हणायचे, आई, पाच महिने झाले, ठणठणीत आहे. मग दोन वर्षं झाली. मग एकदा मी डॉक्टरांना विचारलंच. म्हटलं, हे इतकी वर्षं घेतलं तर पुढे काय होतं? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "खरं सांगू? जे कळलंय ते बरंचसं चांगलं आहे. रक्तातल्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, नागीण उठू शकते, जुनी कावीळ डोकं वर काढू शकते, ते सगळं आम्ही बघतोच. पण फार वर्षं घेणारे पेशंट आत्ता कुठे आम्हाला दिसायला लागलेत. पुढचं तुमच्यासारख्यांकडूनच कळणार." मला इतकं हसू आलं की त्या बघतच राहिल्या. मग मी त्यांना तुझा डबा सांगितला. म्हटलं, म्हणजे मी माळ्यावरच्या डब्यातला पापड. त्या दिवसापासून गेले की आधी विचारतात, "काय, रंग कसा आहे?" आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायला लागला. मागून येणाऱ्या कुणा बाईला डॉक्टर सांगतील, अमुक वर्षं घेतलेली एक कंडक्टर आहे, अजून माइकवर ओरडते. तू आयुष्यभर नव्या खाराबद्दल जे विचारत होतीस, त्याचं थोडंसं उत्तर मी अंगावर बाळगून फिरत होते.

चेकर कडक आहे याचा अर्थ मात्र औषध थांबवायच्या आधीच्या दोन पावसाळ्यांत कळला. जंतूंशी लढणारी शरीराची प्रोटीनं पार तळाला गेली. साधी सर्दी छातीत उतरायची. पहिल्या पावसाळ्यात न्यूमोनिया, दुसऱ्यात पुन्हा, आणि त्या वेळी ऑक्सिजन लावून पनवेलला पडून होते. तुझी नात काचेपलीकडून हात हलवायची आणि मी मास्कच्या आत खोटं खोटं हसायचे. लसी झाल्या, महिन्याला बाहेरून ताकद देणारं सलाइन सुरू झालं, घरात खोकणाऱ्या माणसाला वेगळी खोली. आजारावर मात्र औषधाची पकड घट्ट. लागोपाठ दोनदा मगज काढून तपासला, त्यात एकही बिघडलेली पेशी सापडली नाही. तेव्हा डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, इंजेक्शन चालू ठेवायचं, जंतूंचा धोका सांभाळत. दुसरा, इंजेक्शन थांबवायचं आणि दर काही आठवड्यांनी रक्त बघायचं. "थांबवल्यावर आजार परत आला तर हेच औषध पुन्हा देता येतं, आणि बरेचदा लागू पडतं. पण मी शब्द देऊ शकत नाही," म्हणाल्या. मी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असतात तर? म्हणाल्या, "मला वाटतं, तुमच्या छातीला विश्रांती हवी. पण निर्णय तुमचा."

घरी संसद भरली. यांचं म्हणणं, "गाडी बरी चाललीय ना गो, मंग कशाला थांबवायची?" तुझी नात म्हणाली, "आई, तिसरा न्यूमोनिया नको." दोघं माझ्याकडे बघत बसले. बेल माझ्या हातात. एक वाजवली की थांबायचं, दोन वाजवल्या की निघायचं, आणि बावीस वर्षं हे करून मला तेव्हा एकही वाजवता येईना. कारण सांगू? मला औषध सोडायची भीती वाटत होती. तू औषध घ्यायला भ्यायचीस आणि तुझी लेक सोडायला भीत होती. महिन्यातला तो सुईचा दिवस म्हणजे मला हमी वाटायची, आणखी एक महिना मिळाल्याची. मी स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, आणि गॅससमोर उभी राहून रडले. मग विचार केला, आई असती तर काय म्हणाली असती? तुझं ते पाच दिवसांचं वाक्य येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. ती भाजीवाल्या म्हातारीची टोपली मांडीवर घेऊन बसलेली तू दिसलीस, अनोळखी बाईशी शेंगांवर बोलणारी, कोलाड येईपर्यंत कसलीही घाई नसलेली. मी चहा गाळला, बाहेर आले आणि म्हटलं, थांबवू या.

पहिला महिना वाईट गेला. इंजेक्शनच्या दिवशी सकाळी उठून मी चुकून पनवेलची तयारी केली. पाठीत जरा काही हललं की वाटायचं, आला. हे रोज विचारायचे, दुखत नाय ना? मी म्हणायचे, रस्त्याने दुखतंय, आणि दोघंही हसायचो, कारण मी आता गाडीत बसतच नव्हते. मग पाऊस आला. कुंडलिका नदी पुलाला लागली, स्टँडवर गुडघाभर पाणी, भिंतींना बुरशी, आख्खा गाव खोकत होता. मी खिडकीच्या काचेमागे मास्क लावून गाड्या पुकारत होते. जून गेला, जुलै गेला, गौरी आल्या नि गेल्या. मला एकदा सर्दी झाली, साधी, नाकातून वाहणारी सर्दी, आणि चार दिवसांत ती आपली आपण निघून गेली. आई, एखादी सर्दी जाताना माणूस नाचतो का? मी नाचले. घरात, पोळपाट हातात घेऊन.

आज डॉक्टरांनी सगळे आकडे समोर घेतले. मी खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांनी दोन-तीनदा पानं मागेपुढे केली, तेवढ्यात माझा जीव किती वेळा वरखाली झाला ते मला विचार. मग म्हणाल्या, "नको ते प्रोटीन नाही. कुठेच नाही. आणि हवी ती प्रोटीनं वर यायला लागलीत. रंग पांढराच आहे हो." पुढचंही सांगितलं, की ही कायमची पावती नाही, तपासत राहायचं, कधी ना कधी पुन्हा सुई लागू शकते. मी मान डोलावली. लागली तर घेईन. पाच वर्षांनी मला ते औषध आता परकं राहिलेलं नाही, आणि त्याच्याशिवायचे हे दिवसही मिळाले. बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नीट टेकत नव्हते. पनवेलहून खिडकीची सीट घेतली, आणि वाटेतल्या सगळ्या खड्ड्यांतून गाडी आदळत पेणपर्यंत आली. माझं एक हाड दुखलं नाही. कंडक्टर पोरगी नवीन होती, तिने एका माणसावर आवाज चढवला. मी नुसती तिच्याकडे बघून हसले. तीही हसली. सुट्टे मात्र तिने मोजून घेतले माझ्याकडून.

ही पानं टाकायला कुठली पेटी नाही, ती माझ्याजवळच राहतील. यांना आज बरोबर आणलं नव्हतं, दोन दिवस खोकतायत म्हणून मीच घरी बसवलं. आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. "काय गो, काय म्हणाल्या डॉक्टर?" मी म्हटलं, "अजून नंबर नाय लागला." आणि नेमकं तेव्हाच मागे माइकवरच्या बाईने अलिबाग गाडी फलाटाला लागल्याचं पुकारलं. हे दोनदा खोकले. माझ्या ड्यूटीच्या वेळा पाठ असलेला, माझा डबा घेऊन इतकी वर्षं स्टँडवर उभा राहिलेला माणूस, त्यांना दवाखाना आणि पेणचा स्टँड यांतला फरक ओळखू येणार नाही असं होईल का? "बरं," म्हणाले, "लागला की सांग. सावकाश ये." आवाजात हसू होतं, की मला तसं वाटलं, कोण जाणे. आता पुढच्या गाडीने जाते आणि त्यांना सांगते. एवढं एक खोटं आज बोलले, आई. बाकी कुणालाही कळायच्या आधी मला तुला सांगायचं होतं.